कागदोपत्री माळीण

माझ्या वहिनी अकरा वर्षं माळीण होत्या. म्हणजे कागदोपत्री. ज्या बागेत त्या कामाला जायच्या तिथं गवताची काडीसुद्धा नव्हती. होती ती एक लांबलचक पत्र्याची शेड, तीन लेथ मशिनं, छताला लटकणारी साखळी आणि मधोमध उभं केलेलं एक लाल चिलखत. त्या चिलखतात एका माणसाला सकाळी घालायचं, पाठीमागून बंद करायचं आणि तो जगाचा उद्धार करून परत आला की उघडून बाहेर काढायचं, हे वहिनींचं बागकाम.

तो माणूस सगळ्या शहराला ठाऊक आहे. वर्तमानपत्रं त्यांना एकांडा शिलेदार म्हणतात. आमच्या घरात नुसतं शिलेदारसाहेब. आजोबांच्या जमिनी, वडिलांचा पंपांचा कारखाना आणि वर स्वतःचं डोकं. एकाच घरात किती द्यावं याला देवानं काही धरबंध ठेवलेला नाही. डोकं आहे, ते मी नाकारत नाही. उडणारं चिलखत ऐऱ्यागैऱ्याला जमत नाही. पण वयाच्या चौथ्या वर्षी आपण भिंतीवरचं घड्याळ खोललं होतं हे साहेब प्रत्येक मुलाखतीत सांगतात, आणि ते परत कोणी जोडलं हे एकाही मुलाखतीत सांगत नाहीत. मी सांगतो. त्यांच्या वडिलांच्या कारखान्यातल्या फिटरनं जोडलं. तो फिटर म्हणजे वहिनींचे वडील. वहिनी शेजारी बसून एकेक स्क्रू हातात देत होत्या, आणि त्याही तेव्हा चारच वर्षांच्या होत्या.

साहेबांचं ब्रीद एकच, "मी एकटा पुरेसा आहे." हे चिलखताच्या छातीवर कोरलेलं आहे, पोरांच्या दप्तरांवर छापलेलं आहे, पाण्याच्या बाटल्यांवर आहे. आता ज्यानं हे एकदा छातीवर लिहून घेतलं, त्याला पाठीमागचे खटके दुसरं कोणीतरी लावतं हे सांगायची पंचाईत. म्हणून पहिल्याच दिवशी वहिनींकडून एक कागद सही करून घेतला होता: चिलखताला मालकाखेरीज कोणाचाही हात लागलेला नाही आणि लागणार नाही. पगार बागखात्यातून.

साहेबांचा स्वभाव म्हणाल तर मनुष्य वाईट नाही. फक्त समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देत नाही, ते स्वतः पुरं करतो, आणि हमखास चुकीचं करतो. एका पाचमजली इमारतीतली लिफ्ट अडकली होती. आत पाच माणसं. रखवालदार खाली उभा राहून सांगत होता, "साहेब, दोन मिनिटांत…" पुढं 'वीज येतेय' म्हणायचं होतं त्याला. साहेब म्हणाले, "कळलं! दोन मिनिटांत सगळे गुदमरतील!" आणि वरून छप्पर फाडून लिफ्टचा डबाच उचलून बाहेर काढला. वीज आली तेव्हा डबा गच्चीवर होता. तीन वर्षं झाली, त्या इमारतीतले लोक जिन्यानं चढतात, आणि जिन्याच्या पहिल्या पायरीशी साहेबांचा हसरा फोटो लावलेला आहे.

एकदा आग लागली तिथं साहेबांनी भिंत फोडली. दार उघडंच होतं, शेजारीच होतं, लोक त्यातून ये-जा करत होते. पण दारातून काय, कोणीही जातं.

नाही म्हणायला एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर वहिनी मला ओरडतील. एका गोदामाचं छत खचलं होतं तेव्हा साहेबांनी चाळीस मिनिटं तुळई खांद्यावर धरून ठेवली आणि एकोणीस हमाल जिवंत बाहेर आले. त्या दिवशी वहिनींनी चिलखत उघडलं तर दोन्ही खांदे काळेनिळे पडलेले. वहिनींनी तासभर बर्फ लावला. मग साहेबांनी तोंड उघडलं ते, "फोटो कसे आलेत?" हे विचारायला.

"पण भाऊजी, तुळई त्यांनीच धरली होती," वहिनी अजून म्हणतात. हा त्यांचा दोष आहे. कोणाचंही खरं श्रेय त्यांना बुडवता येत नाही.

वहिनींच्या कामाची एक पद्धत आहे. नट आवळला की त्यावरून आणि खालच्या पत्र्यावरून पिवळ्या नेलपॉलिशची एक बारीक रेघ मारायची. नट केसभर जरी सैल झाला तरी रेघ तुटलेली दिसते. चिलखताला एकशे बारा नट, रोज सकाळी एकशे बारा रेघा तपासायच्या. नेलपॉलिश आणायचं काम दादाचं. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानदाराला वाटायचं, या बाईंना पिवळ्याचा भलताच शौक आहे, पण नखं तर कधी रंगवलेली दिसत नाहीत. त्याला खरं सांगायची सोय नव्हती. दादा मान खाली घालून बाटली घ्यायचा आणि निघायचा.

दुसरा नियम वडिलांकडून आलेला. ज्याच्यात माणूस जातो ते बाहेरून उघडता आलंच पाहिजे. मग ती टाकी असो, बॉयलर असो की चिलखत.

आता माझं. मी तंत्रशाळेत कारकून आहे, बावीस वर्षं. खिडकीच्या आत बसतो, अर्ज घेतो, कागद कमी असला की अर्ज परत करतो. लोकांना मी खडूस वाटतो आणि त्यांचं फारसं चुकत नाही. तर यंदा आमच्याकडे फिटर विभागात शिकवायची जागा निघाली. वयाची अट पंचेचाळीस. वहिनींना पुढच्या महिन्यात पंचेचाळीस पूर्ण होणार होती. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही. त्यांचे गुडघे त्या शेडच्या फरशीवर कामातून गेले होते, पण ते कारण त्या सांगत नव्हत्या. म्हणाल्या, "बाबांनी मला शिकवलं. मी कोणाला शिकवलं? ज्याला शिकवायला गेले तो ऐकूनच घेत नाही."

अर्जाला एकच कागद लागत होता: दहा वर्षं फिटरचं काम केल्याचा दाखला, मालकाच्या सहीचा. मी स्वतः मसुदा टाइप करून दिला. चार ओळी. सही करायची, बस्स.

साहेब आधी "बघू" म्हणाले. मग "पाठवतो" म्हणाले. तीन आठवड्यांनी खरोखरच पाकीट आलं. दादानं कात्रीनं नीट कडेनं कापलं. आत जाडजूड कागद, वर सोनेरी चिन्ह. लिहिलं होतं: सदर बाईंनी अकरा वर्षं आमच्या बागेत काम केलं असून गुलाबांची निगा त्या उत्तम राखतात. पुढील वाटचालीस शुभेच्छा.

दादा रागानं लाल झाला. मला वाटलं आता वहिनी रडतील. त्या म्हणाल्या, "गुलाब तरी लावायचे होते एखाददोन."

त्याच सुमारास साहेबांनी नवं चिलखत तयार केलं. जुन्याच्या पाठीवर खटके होते, आणि एका फोटोत ते दिसले होते. एका पोरानं पत्र लिहून विचारलं, तुमचा हात पाठीमागे पोचतो का? साहेबांच्या ते फार मनाला लागलं. नव्याला पाठीमागे काही नाही, सगळा सपाट पत्रा. बंद करणं, उघडणं आवाजावर. साहेबांनी 'उघड' म्हणायचं की उघडणार, आणि दुसऱ्या कोणी म्हटलं तर चोर समजून सगळे सांधे आवळून घेणार. चिलखताला साहेबांचा आवाज ओळखता यावा म्हणून त्यांची तीनशे तासांची भाषणं ऐकवली होती. छातीत कर्णा बसवलेला, आतलं प्रत्येक अक्षर बाहेर ऐकू जाईल असा. तो बंद करायचं बटण नव्हतं. आपला आवाज बंद करावासा वाटेल असा प्रसंग साहेबांना कल्पनेतसुद्धा सुचला नाही.

पाठीचा पत्रा जोडायचं काम वहिनींचं होतं. साहेब म्हणाले, "कायमचा जोडून टाका." वहिनी म्हणाल्या, "साहेब, बाहेरून उघडायला काहीतरी…" साहेब म्हणाले, "कळलं, शोभेसाठी काहीतरी पाहिजे. माझं चिन्ह लावा तिथं." वहिनींनी अकरा वर्षांत पहिल्यांदा ऐकलं नाही. चिन्ह लावलं, पण त्याच्याखाली चार स्क्रू ठेवले, चारींवर पिवळी रेघ ओढली, आणि घरी आल्या. दुसऱ्या दिवशी साहेबांनी त्यांना सांगितलं की आता गरज नाही, बागेचं काम बंद करतोय.

शुक्रवार हा अर्जाचा शेवटचा दिवस. पाच वाजता खिडकी बंद. साडेतीनला वहिनी आल्या, रांगेत उभ्या राहिल्या. प्रवेशाचे दिवस होते. चाळीसेक माणसं होती, पोरं, आईबाप, एक म्हातारे आजोबा नातीला घेऊन. वहिनींचा नंबर आला. त्यांनी अर्ज सरकवला, सोबत गुलाबांचा दाखला.

"वहिनी, हा चालत नाही," मी म्हणालो.

"तुम्हाला माहीत आहे ना भाऊजी, मी काय काम करते ते?"

"मला माहीत आहे. समितीला कागद लागतो."

त्या क्षणी मला माझीच लाज वाटली. पण मी अर्ज परत सरकवला. सवयीनं सरकवला, बावीस वर्षांची सवय. वहिनींनी "बरं" म्हणून तो घडी केला, पिशवीत ठेवला. आणि तेवढ्यात अंगणातून आवाज आला, "हळू! पायरी आहे! अरे, पायरी आहे म्हटलं ना!"

खिडक्यांच्या काचा थरथरल्या. आम्ही सगळे बघायला लागलो. एका टेम्पोतून लाल चिलखत उतरवत होते. साहेबांचा ड्रायव्हर आणि आमचा शिपाई मिळून त्याला ट्रॉलीवर आडवं घालून, दोरीनं बांधून, कपाट आणावं तसं आत आणत होते. आतून साहेब ड्रायव्हरला विचारत होते, "कोणी बघत नाही ना?" हे त्यांनी कुजबुजत विचारलं. कर्ण्यानं ते रस्त्यापलीकडे पोचवलं.

झालं होतं ते असं. सकाळी एका पुलाचं उद्घाटन होतं. साहेब दोन तास बोलले. बोलता बोलता घसा बसला. भाषण झाल्यावर पाणी प्याले, नळीतून, भरपूर. मग जी गोष्ट पाण्यानंतर सगळ्यांनाच येते ती त्यांनाही आली, म्हणून म्हणाले, "उघड." बसलेल्या घशानं म्हणाले. चिलखतानं साहेबांच्याच भरदार आवाजात उत्तर दिलं, "आपला आवाज ओळखीचा नाही. मी एकटा पुरेसा आहे." मग साहेब घाबरले. घाबरल्यावर आवाज आणखी बारीक झाला. तीनशे तासांच्या भाषणांत साहेब एकदाही घाबरलेले नव्हते, त्यामुळे हा माणूस कोण हे चिलखताला कळायला काही मार्गच नव्हता. तिसऱ्या वेळी त्यानं चोर ठरवून हातापायांचे सांधे आवळले. ड्रायव्हरनं शेवटी आमच्या घराचा रस्ता धरला, आणि दादानं त्याला इकडे पाठवलं.

वहिनींनी ट्रॉलीपाशी जाऊन पाठीखाली हात घालून चाचपलं. "चिन्ह उपटायला बारीक पहार लागेल," म्हणाल्या, आणि शिपायाला घेऊन किल्ली काढून मागच्या कार्यशाळेत गेल्या. जाऊन यायला पाच मिनिटं. ती पाच मिनिटं साहेब माझ्या ताब्यात होते.

आमच्याकडे नियम आहे. बाहेरचं यंत्र आलं की आधी एक फॉर्म भरायचा, मगच त्याला हात लावायचा. आणि मालकाची सही झाल्याखेरीज ते यंत्र फाटकाबाहेर सोडायचं नाही. मी फॉर्म काढला, खिडकीबाहेर आलो, आयुष्यात पहिल्यांदा ड्युटीवर असताना, आणि ट्रॉलीशेजारी स्टूल घेऊन बसलो.

"मालकाचं नाव?"

"तुम्ही मला ओळखत नाही?"

"माझं सोडा, तुमचं चिलखतच ओळखत नाही. नाव?"

त्यांनी सांगितलं. मी लिहिलं. यंत्राचा प्रकार या रकान्यात 'लोखंडी सामान' लिहिलं.

"बिघाड काय?"

"उघडत नाही. आणि मला… मला जायचंय."

"कुठं?"

रांगेतल्या आजोबांना समजलं. "जिना उतरून डावीकडे," ते सहानुभूतीनं म्हणाले.

"यापूर्वी देखभाल कोणी केली?"

"मीच. एकट्यानं."

मी पेनाला टोपण लावलं. "मग अवघड आहे. ज्यानं देखभाल केली त्यानंच उघडावं, असा नियम आहे." असा नियम नाही. तो मी तेव्हाच केला. बावीस वर्षांत एक.

"बाईंनी!" चिलखत ओरडलं. "बाईंनी केली!"

"कोणत्या बाईंनी?"

"त्या… बागेतल्या."

"नाव सांगा. रकाना आहे."

कर्ण्यातून नुसता श्वास ऐकू येत होता. त्या खोलीत चाळीस माणसं, आणि सगळ्यांना कळलं की ज्यांनी शहरातल्या प्रत्येक पुलावर, चौकात, बाटलीवर आपलं नाव घातलंय त्या माणसाला हे नाव माहीतच नाही. अकरा वर्षं 'अहो बाई' एवढ्यावर भागलं होतं. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं त्यांना.

"बरं, नाव मी घालतो. किती वर्षं?"

"अकरा! अकरा वर्षं रोज त्यांनीच बंद केलं, त्यांनीच उघडलं, नट त्या आवळतात, रेघा त्या मारतात, दुसऱ्या कोणाला येत नाही, मलासुद्धा येत नाही, पण बोलवा हो त्यांना लौकर!"

मी शब्द न् शब्द लिहिला. माझं अक्षर सुवाच्य आहे.

वहिनी पहार घेऊन आल्या आणि मला बघून भडकल्या. "भाऊजी! फॉर्म काय भरताय? माणूस आत आहे!" मला कोपरानं बाजूला सारून त्यांनी चिलखत कुशीवर करवलं, चिन्हाखाली पहार घातली, एक झटका दिला. चिन्ह टणकन फरशीवर पडलं. खाली चार स्क्रू, चार पिवळ्या रेघा, एकही तुटलेली नाही. चार मिनिटांत पत्रा हातात आला. आतून शिलेदारसाहेब निघाले, घामानं निथळत, करड्या रंगाच्या आतल्या कपड्यांत, आणि कोणाकडे न बघता जिना उतरून डावीकडे धावले.

परत आले तेव्हा शिपायाचा जादाचा सदरा अंगात होता आणि चालण्यात पुन्हा पहिला रुबाब. मी फॉर्म पुढे केला. "सही, म्हणजे नेता येईल."

त्यांनी वाचला. पुन्हा वाचला. "हे कोणी सांगितलं?"

"तुम्ही. मी लिहून घेतलं."

"तो माझा आवाज नव्हता," साहेब शांतपणे म्हणाले. "चिलखतानं स्पष्ट सांगितलं होतं की आवाज ओळखीचा नाही."

मी पुष्कळ निर्लज्ज माणसं पाहिली आहेत. खिडकीवर बसल्यावर तोच तर धंदा. पण हे ऐकून माझ्या हातातलं पेन खाली पडलं. अक्कल म्हणतात ती अशी. कुठं वापरावी एवढंच त्यांना कोणी शिकवलेलं नाही.

वहिनी पुढे झाल्या. हात पुसत होत्या. "साहेब, एरवी मी मागितलं नसतं. आजच्या पाचच्या आत लागतंय. पुढच्या महिन्यात मला पंचेचाळीस पूर्ण होतील, मग कधीच नाही. खरं तेवढंच लिहिलंय. सही करा."

साहेबांनी पेन घेतलं. टोक कागदाला टेकवलंही. मला अजून वाटतं, त्या क्षणी त्यांना करायची होती सही. मग त्यांची नजर ट्रॉलीवर गेली, छातीवरच्या त्या चार शब्दांवर, आणि तिथून रांगेतल्या पोरांवर. पेन खाली ठेवलं.

"तुम्हाला समजत नाही बाई," ते म्हणाले, आणि आवाज खरंच दुखावलेला होता. "मुलं माझ्याकडे बघतात."

"सही नाही तर चिलखत फाटकाबाहेर जाणार नाही," मी म्हणालो.

"राहू दे मग." आणि तो माणूस आपली आयुष्यभराची करामत आमच्या ट्रॉलीवर टाकून, शिपायाच्या सदऱ्यात टेम्पोत बसून निघून गेला. चार ओळींखाली एक सही करण्यापेक्षा त्यांना हे सोपं गेलं.

वहिनी बाकावर बसल्या. पहार मांडीवर. "जाऊ दे भाऊजी," म्हणाल्या. आणि मग त्या रडल्या, अकरा वर्षांत पहिल्यांदा, चाळीस माणसांसमोर, पदराला ग्रीस लागलेलं. घड्याळात साडेचार झाले होते.

मला काय करावं सुचेना. आणि ज्याला काही सुचत नाही तो कारकून नियम वाचतो. मी फॉर्म उलटा केला. मागे बारीक टाइपात सातवं कलम आहे, ते बावीस वर्षांत कोणी वापरलं नव्हतं, मीसुद्धा नाही: मालक सही न करता यंत्र सोडून गेल्यास, त्याचं म्हणणं प्रत्यक्ष ऐकलेल्या किमान दोन व्यक्तींच्या सह्या घ्याव्यात व तो फॉर्म पूर्ण समजावा.

मी मोठ्यानं वाचलं. आजोबा नातीचा हात सोडून पुढे आले. "मी ऐकलंय. माझे कान अजून शाबूत आहेत, आणि तो तर बहिऱ्यालाही ऐकू गेला असता." त्यांनी सही केली. मग नातीच्या मागची बाई आली. मग ड्रायव्हर. होय, ड्रायव्हर, तो टेम्पोत नव्हता, साहेब स्वतःच चालवत गेले होते, आणि म्हणे फाटकाचा एक खांब घेऊनच गेले. दोन सह्या हव्या होत्या, एकेचाळीस झाल्या. जागा संपली तेव्हा लोकांनी कडेनं उभ्या केल्या. त्यातल्या निम्म्या जणांना वहिनींशी काही देणंघेणं नव्हतं, त्यांना शिलेदाराच्या कागदावर आपलं नाव हवं होतं. असेना का. चार वाजून बावन्न मिनिटांनी मी तो फॉर्म अर्जाला टाचला आणि शिक्का मारला. इतक्या जोरात की शाईची डबी उलटली.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी आली: शिलेदारांकडून तंत्रशाळेच्या विद्यार्थ्यांसाठी चिलखत भेट. बाजूला फोटो, जुना.

समितीनं तीन आठवडे घोळ घातला. एकेचाळीस सह्यांचा दाखला चालतो का, यावर दोन बैठका झाल्या. शेवटी कोणीतरी म्हणालं, बाईंनाच विचारा की हे सामान उघडून दाखवा म्हणून. वहिनींनी उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं, आणि समितीतल्या एकाचं त्याच्यासमोर ठेवलेलं बंद पडलेलं घड्याळही जाता जाता चालू करून दिलं. नेमणुकीचं पत्र वाढदिवसाच्या पाच दिवस आधी हातात पडलं. दादानं पिवळ्या नेलपॉलिशच्या बारा बाटल्या एकदम आणल्या. दुकानदारानं शेवटी विचारलंच, आणि दादानं त्याला अर्धा तास थांबवून सगळं सांगितलं.

चिलखत अजून कार्यशाळेत आहे. पहिल्या वर्षाची मुलं त्यावर हात बसवतात. कोणी चुकीचा स्क्रू आधी काढला की ते साहेबांच्या भरदार आवाजात म्हणतं, "मी एकटा पुरेसा आहे," आणि मुलं म्हणतात, "हो हो," आणि पुढचा स्क्रू काढतात.

गेल्या महिन्यात माझ्या खिडकीवर एक पाकीट आलं. जाड कागद, सोनेरी चिन्ह. साहेबांनी जुनं, पाठीवर खटक्यांचं चिलखत पुन्हा काढलंय, आणि त्यांच्या कार्यालयाला एक माणूस हवा आहे. हुद्दा: उद्यानसहाय्यक. पात्रता: फिटर विभाग उत्तीर्ण. आणि खाली, ठळक अक्षरांत: प्रशिक्षकांच्या सहीचं प्रमाणपत्र जोडल्याशिवाय विचार केला जाणार नाही.

मी ते वहिनींकडे नेलं ते नाचतच. म्हटलं, "वहिनी, हे माझ्या खणात जातं. आधी 'बघू' म्हणू. मग 'पाठवतो' म्हणू. अकरा वर्षांनी गुलाबांचा दाखला पाठवू."

"वेडेपणा करू नका," वहिनी म्हणाल्या. "तो माणूस रोज त्याच्यात जातो. बाहेर कोण काढणार?"

त्यांनी वर्गातल्या सगळ्यात नेटक्या हाताच्या मुलीला बोलावलं. प्रमाणपत्र तिथंच लिहिलं, साहेबांच्या पत्रातलं 'उद्यानसहाय्यक' खोडून वर 'फिटर' केलं, आणि त्याच दिवशी, त्याच मिनिटाला सही केली. मग कपाटातून नेलपॉलिशची एक बाटली काढून मुलीच्या हातात दिली.

"कामाचा दाखला दर महिन्याला मागून घे, साठवू नकोस," वहिनी तिला म्हणाल्या. "आणि पहिल्या दिवशी आत गेलीस की आधी स्वतःचं नाव सांग. ते विचारणार नाहीत."